एच-इंडेक्स ३१ की १३? एका इम्युनॉलॉजिस्ट मॅडमच्या पेपरांच्या हिशोबाचं प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका संशोधन संस्थेतलं आहे, कुठली ते सांगत नाही. ज्यांचं आहे त्या मॅडमना विचारूनच लिहितोय, आणि ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे इकडेतिकडे केलेत, प्रकरणातली वर्षं गाळलीत. मी तिथल्या लायब्ररीत आहे. लायब्ररी म्हटलं की लोकांना पुस्तकं देणं-घेणं आठवतं, पण आजकाल आमचा निम्मा दिवस पेपर मोजण्यात जातो, कुणाचे किती, कुठल्या जर्नलमध्ये, कुणी साइट केले (म्हणजे स्वतःच्या पेपरात त्यांचा संदर्भ दिला), त्यामुळे हे सगळं माझ्या टेबलावरूनच गेलं.

पार्श्वभूमी

मॅडम इम्युनॉलॉजीतल्या, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्रातल्या. टीबीचे जंतू अंगात असूनही बरेच लोक आजारी का पडत नाहीत, त्यांच्या टी सेल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काय वेगळं करतात, हा त्यांचा विषय. पीएचडी इकडेच केली, मग अमेरिकेत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन), मग री-एंट्री फेलोशिपवर परत येऊन स्वतःची लॅब. लॅब लहान, पण काम नेटकं. त्या स्वतः फ्लो सायटोमीटरसमोर, म्हणजे पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रासमोर, बसायच्या, विद्यार्थ्यांनी आणलेल्या प्लॉटवर गेट (कुठल्या पेशी मोजायच्या ती हद्द) का तिथे काढलं हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ द्यायच्या नाहीत.

आता नावाचं बघा. आपल्याकडे बाईचं नाव म्हणजे स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग माहेरचं आडनाव. लग्न झालं आणि रीतसर नाव बदललं की मधलं पण जातं आणि शेवटचं पण जातं, म्हणजे तीनपैकी दोन इनिशियल बदलतात. मॅडमचे पीएचडीतले पेपर माहेरच्या नावाने आले. लग्न पीएचडीच्या शेवटी झालं, पासपोर्ट नव्या नावाने काढला, पण तिकडच्या बॉसला जुन्या नावाने लिहिलेली शिफारसपत्रं गेलेली, म्हणून पोस्टडॉकच्या पेपरांवर दोन्ही आडनावं, मध्ये जोडरेघ. परत आल्यावर नेमणुकीच्या कागदांवर फक्त सासरचं आडनाव, मग पेपरही त्याच नावाने. आणि सासरचं आडनाव म्हणजे पाटील-जाधव-कुलकर्णी यांच्या पंगतीतलंच समजा, एक दगड मारला तर चार जणांना लागेल असं.

म्हणजे माणूस एक आणि नावं तीन. त्या काळात हे जुळवायची काही सोयही नव्हती. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या सूचीवर, लेखकांची पूर्ण नावं यायला लागली ती २००२ पासूनच्या पेपरांना, आणि तीही जर्नलने पूर्ण नाव छापलं असेल तरच. मॅडमचे सुरुवातीचे पेपर ज्या जर्नल्समध्ये आले ती नुसती इनिशियल छापायची. ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाला मिळणारा तो सोळा अंकी नंबर, तो सुरू झाला २०१२ च्या ऑक्टोबरात. तोवर मॅडमचे निम्मे पेपर छापून झाले होते.

अडचण कुठून सुरू झाली

प्रमोशनचा फॉर्म आला. त्यात नेहमीचे रकाने: एकूण पेपर, फर्स्ट ऑथर किती, करस्पाँडिंग ऑथर (पेपरची जबाबदारी घेणारा) किती, एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, आय-टेन इंडेक्स (किमान दहा सायटेशन असलेले पेपर), आणि तो आपल्याकडचा खास लाडका रकाना, क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट फॅक्टर. मॅडमनी पेपरांची यादी जोडली आणि आकड्यांचे रकाने आस्थापना विभागाने भरून घेतले, कारण सगळ्या उमेदवारांचे एकाच पद्धतीने घ्यायचे असं ठरलं होतं. हेतू चांगलाच होता.

गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या पेपर शोधायच्या सेवेवर, मॅडमचा एच-इंडेक्स दिसला ३१. स्कोपस या सायटेशनच्या डेटाबेसवर त्यांचे तीन वेगवेगळे प्रोफाइल निघाले, तीन नावांचे तीन, त्यांचे एच-इंडेक्स १३, ९ आणि ५. आस्थापनेतल्या माणसाने काय केलं, तिन्हींची बेरीज केली. २७.

एच-इंडेक्सची बेरीज होत नसते. हा आकडा २००५ मध्ये हॉर्हे हर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने काढला, आणि त्याचा अर्थ इतकाच की पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि बघायचं कुठपर्यंत क्रमांक सायटेशनच्या आत राहतो. २० पेपरना प्रत्येकी किमान २० सायटेशन असतील आणि २१ व्या क्रमांकाच्या पेपरला २१ नसतील तर एच-इंडेक्स २०. तीन प्रोफाइल एकत्र करायचे तर सगळे पेपर एका रांगेत पुन्हा लावावे लागतात, मग उत्तर १३ ते २७ मध्ये काहीही येऊ शकतं. बहुतेक वेळा ते २७ च्या बरंच खाली येतं, कारण लहान प्रोफाइलमधले बरेच पेपर मोठ्या रांगेत मागे पडतात.

पण गंमत अशी झाली की २७ आणि ३१ हे आकडे एकमेकांच्या जवळ आले. गूगलचा आकडा स्कोपसपेक्षा थोडा जास्त असतोच, गूगल थीसिस, कॉन्फरन्सचे गोषवारे, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच नेटवर टाकलेला पेपर) सगळंच धरतं, त्यामुळे ज्याने बघितलं त्याला वाटलं बरोबर आहे, दोन ठिकाणांहून साधारण सारखंच येतंय. दोन चुकीचे आकडे एकमेकांना साक्षीदार झाले आणि फॉर्म पुढे गेला.

मग संचालकांच्या नावाने निनावी अर्ज आला. त्यात म्हटलं होतं की सदर उमेदवाराच्या गूगल स्कॉलर प्रोफाइलवर तुरीच्या मर रोगावरचे पेपर आहेत, आणि लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधले असे पेपर आहेत ज्यात त्यांचं काहीच काम नाही, सबब दुसऱ्यांचे पेपर स्वतःच्या नावावर दाखवून दिशाभूल केली आहे. अर्ज ज्याने कुणी लिहिला त्याचा हेतू काय ते मला माहीत नाही, भाषा खवचट होती. पण त्यात लिहिलेलं खरं होतं. प्रोफाइल उघडून बघितलं तर तुरीचे पेपर होते.

मॅडमनी ते प्रोफाइल स्वतः कधी उघडलंच नव्हतं. लॅबची वेबसाइट करताना एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने बनवून दिलं होतं आणि "नवीन पेपर आपोआप जोडा" हा पर्याय चालू ठेवला होता. गूगल मग नावावरून आणि विषयाच्या शब्दांवरून अंदाज बांधून पेपर आत ओढत राहतं. त्याच इनिशियलचे आणि त्याच आडनावाचे एक कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ वनस्पतींच्या रोगप्रतिकारशक्तीवर काम करत होते, आणि इम्युनिटी हा शब्द दोन्हीकडे. दुसरे एक डॉक्टर, तेच आडनाव, ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज या जगभरच्या आजारांचा हिशोब मांडणाऱ्या अभ्यासाच्या पेपरांमध्ये सहलेखक. हे पेपर म्हणजे शेकडो लेखकांचे, लॅन्सेटमध्ये येतात आणि एकेकाला हजारोंनी सायटेशन मिळतात. सातबाऱ्यावर दोन परक्यांची नावं चढली होती आणि जमीन कसणाऱ्या बाईला पत्ता नाही, असा प्रकार.

इथे एक बारकावा सांगतो, कारण पुढे प्रमोशनच्या समितीत यावरच घोळ झाला. त्या लॅन्सेटच्या पेपरांमुळे एकूण सायटेशन प्रचंड फुगले होते, पण एच-इंडेक्स त्यांच्यामुळे फार वाढला नव्हता. एखाद्या पेपरला पाच हजार सायटेशन असले तरी एच-इंडेक्समध्ये तो एकच पेपर, जास्तीत जास्त एकाने वाढवणार. एच-इंडेक्स चढवला होता तो तुरीवाल्या शास्त्रज्ञांनी, कारण त्यांचे मध्यम सायटेशनचे, चाळीस-पन्नासचे, भरपूर पेपर होते. म्हणजे फुगवटा दोन जागी होता आणि दोन वेगळ्या कारणांनी.

काय काय करता आलं असतं

मॅडम माझ्याकडे आल्या तेव्हा चिडलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. आम्ही बसून जे पर्याय काढले ते असे.

सगळ्यात सोपा म्हणजे दोन ओळींचं उत्तर द्यायचं, की हे गूगलने आपोआप केलंय, माझा संबंध नाही. ते खरंच होतं. पण त्यानंतर समितीचा पुढचा प्रश्न आलाच असता, मग तुमचे नक्की कोणते, आणि त्याचं उत्तर हातात नव्हतं.

दुसरा, गूगल स्कॉलरचं प्रोफाइलच डिलीट करून टाकायचं आणि फक्त स्कोपस दाखवायचं. हा त्यांच्या नवऱ्याने सुचवला होता. माझं मत विरुद्ध होतं. तक्रार आल्यावर पुरावा पुसला असं दिसतं, भले पुसणारा निर्दोष असो. आणि स्कोपसमधलं मुख्य प्रोफाइल १३ दाखवत होतं, म्हणजे तिकडे त्यांच्यावर उलटा अन्याय चालू होता.

तिसरा पर्याय त्यांनी स्वतः विचारला, की जुन्या पेपरांवरचं नावच बदलून घेता येईल का. गेल्या काही वर्षांत बऱ्याच मोठ्या प्रकाशकांनी छापलेल्या पेपरवरचं नाव बदलून द्यायची सोय केलीय, शुद्धिपत्र न काढता, कारण न विचारता. पण प्रत्येक प्रकाशकाकडे वेगळा अर्ज, आणि त्यांनी बदललं तरी सगळ्या डेटाबेसमध्ये ते झिरपायला किती वेळ लागेल सांगता येत नाही. शिवाय मॅडम म्हणाल्या, "त्या पेपरवर आईवडिलांनी दिलेलं नाव आहे, ते का काढू मी?" विषय तिथेच संपला.

चौथा, म्हणजे शून्यापासून यादी करायची, एकेक पेपर हाताळून, मग सगळे प्रोफाइल त्या यादीशी जुळवायचे, आकडा कमी होवो की जास्त. हा सगळ्यात वेळखाऊ, आणि धोका असा की मुलाखत तोंडावर असताना गूगलवरचा आकडा एकदम कोसळलेला दिसणार.

चौथा घेतला.

यादी

या कामाचं कुणाला आकर्षण वाटत नाही, पण सगळं प्रकरण यावरच उभं राहिलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नावावरून शोधून उपयोग नव्हता. म्हणून आम्ही उलटीकडून गेलो: गाइडच्या नावाने शोधलं, पोस्टडॉकच्या बॉसच्या नावाने शोधलं, आणि त्यांच्या यादीतून मॅडमचे पेपर उचलले. मग मॅडमच्या कपाटातलं रिप्रिंटचं खोकं निघालं, जुन्या मेलमधली स्वीकृतीची पत्रं निघाली, थीसिसच्या मागे जोडलेले पेपर निघाले. एक्सेलमध्ये प्रत्येक पेपरला एक ओळ: शीर्षक, डीओआय (पेपरचा कायमचा नंबर), पबमेडचा नंबर, पेपरवर नाव नेमकं कसं छापलंय ते अक्षर न अक्षर, कितवा लेखक, पीडीएफ कुठे ठेवली. आणि शेवटचा रकाना मी मुद्दाम टाकला, "यात तुम्ही काय केलंत", एका वाक्यात.

हा शेवटचा रकाना मॅडमना आधी आवडला नाही, फार वेळ जातो म्हणाल्या. पण बरेच जर्नल्स आता ऑथर कॉन्ट्रिब्युशन मागतातच, क्रेडिट नावाची चौदा भूमिकांची ठरलेली यादीच आहे, कल्पना कुणाची, प्रयोग कुणी केले, आकडेमोड कुणाची, पैसे कुणी आणले वगैरे. जुन्या पेपरांना ते नव्हतं, ते आठवून लिहावं लागलं. एका पेपरपाशी त्या बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "यात मी फक्त उंदरांचे स्प्लीन काढून दिले होते." तसंच लिहिलं.

गूगलवर शंभराच्या वर पेपर दिसत होते. आमच्या यादीत उरले ५४. आणि या ५४ मधले सात असे होते की जे गूगलच्या प्रोफाइलमध्ये नव्हतेच, सगळे माहेरच्या नावाचे. गूगलने परक्यांचे आत घेतले आणि घरचे बाहेर ठेवले.

काही पेपरांवर निर्णय घ्यावा लागला. एका मोठ्या टीबी अभ्यासात मॅडमचं नाव मुख्य लेखकांत नव्हतं, शेवटी कन्सोर्टियमच्या, म्हणजे अभ्यासात सामील झालेल्या गटाच्या, सदस्यांच्या यादीत होतं. पबमेड अशी नावं कोलॅबोरेटर म्हणून वेगळी दाखवतं, लेखक म्हणून नाही. सायटेशन चांगले होते. मॅडमनी तो स्वतःहून लेखकांच्या यादीतून काढला आणि खाली "सहभाग" म्हणून वेगळा दाखवला. एक प्रीप्रिंट होता, त्याचाच पुढे पेपर झाला, गूगलवर ते दोन वेगळे धरले गेले होते, ते एकत्र केले. आणि दोन गोषवारे होते, कॉन्फरन्सच्या पुरवणी अंकातले, ते पेपर म्हणून मोजायचे नाहीत असं ठरवलं. यात कुठलाही नियम बंधनकारक नव्हता, पण आपणच काढलेली रेघ सगळ्या पेपरांना सारखी लावायची एवढं पाळलं.

मग ऑर्किडवर तिन्ही नावं "इतर नावं" म्हणून टाकली, ५४ पेपर जोडले. गूगलवर परके पेपर काढले, घरचे जोडले, आपोआप जोडणं बंद करून "आधी मला मेल करा" हा पर्याय निवडला. स्कोपसला तिन्ही प्रोफाइल एक करायची विनंती पाठवली, त्याला काही आठवडे लागतात.

समितीला सांगायचं कधी

इथे मतभेद झाले. विभागप्रमुखांचं म्हणणं, "मॅडम, आत्ता काही हलवू नका. इंटरव्ह्यू होऊन जाऊ दे, मग सावकाश साफ करा." त्यांच्या बाजूनेही विचार करण्यासारखं होतं, निनावी अर्जावर कारवाई करायची नाही असंच साधारण धोरण असतं, आणि आपणहून पत्र दिलं की ते फाइलला लागतं, मग त्यावर टिप्पणी येते, मग त्यावर उत्तर. मॅडमनी एवढंच विचारलं, "सर, मध्ये कुणी परत विचारलं तर मी काय सांगू?" सरांकडे त्याला उत्तर नव्हतं.

मॅडमनी पत्र दिलं. एक पान. फॉर्ममधले कुठले आकडे चुकीचे आहेत, कशामुळे, बरोबर आकडे काय, आणि सोबत ५४ पेपरांची यादी. गूगलच्या जुन्या पानाचा स्क्रीनशॉट आणि नव्याचा, दोन्ही जोडले. माफी मागितली नाही, कारण आकडे त्यांनी भरलेच नव्हते, पण तेही एका वाक्यात, तक्रारीच्या सुरात नाही.

पत्र देणं बरोबरच होतं असं मला वाटतं. पण ते आठ-दहा दिवस लवकर गेलं. गूगलचा नवा आकडा झाला होता २२. स्कोपसचे प्रोफाइल जुळल्यावर किती येणार ते आम्ही हाताने काढलं होतं, १९, आणि पत्रात १९ लिहिलं. पण स्कोपसवर अजून जुळणी झालीच नव्हती, तिथे १३ च दिसत होतं. समितीतल्या एका सदस्याने पडताळायला स्कोपस उघडलं. आता त्यांच्यासमोर फॉर्ममधले ३१ आणि २७, पत्रातले २२ आणि १९, आणि स्क्रीनवर १३. त्यात एकूण सायटेशन गूगलवर एक तृतीयांशाच्याही खाली आलेले, आणि एच-इंडेक्स मात्र फक्त नऊने उतरलेला, मग हे दोन्ही एकाच प्रमाणात का नाही उतरले हा प्रश्न. वर सांगितलेला बारकावा माहीत असेल तर उत्तर सोपं आहे, माहीत नसेल तर संशय वाढतो.

वातावरणही तसंच होतं. २०२३ मध्ये एकट्या हिंदावी या प्रकाशकाच्या जर्नल्समधून आठ हजारांवर पेपर मागे घेतले गेले, त्यानंतर पेपरांच्या आकड्यांत काहीही गडबड दिसली की समित्या दचकतात. त्यांना दोष देता येत नाही.

समितीने निकाल पुढे ढकलला आणि प्रकरण संस्थेच्या एथिक्स समितीकडे दिलं.

मग प्रभाव कशाला म्हणायचं

एथिक्स समितीने यादी तपासली, त्यात काही निघालं नाही, ते लवकर मिटलं. पण या मधल्या काळात मॅडमना पुढच्या फेरीसाठी नवीन मजकूर लिहायचा होता, आणि मला या प्रकरणातला सगळ्यात कामाचा भाग तो वाटतो.

फॉर्ममध्ये "पाच सर्वोत्तम पेपर" असा रकाना होता. मॅडमनी लावले होते ते सगळे वरच्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमधले, त्यातल्या दोनात त्या मधल्या लेखक. इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा आकडा आहे, मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या. त्यावरून एका पेपरबद्दल काहीच कळत नाही, आणि चाळीस पेपरांच्या जर्नल्सचे इम्पॅक्ट फॅक्टर एकत्र बेरीज करून जो क्युम्युलेटिव्ह आकडा निघतो त्याला तर काय म्हणावं. इम्युनॉलॉजीतलंच उदाहरण घ्या. टी हेल्पर पेशींचे टीएच-१ आणि टीएच-२ असे प्रकार मॉसमन आणि कॉफमन यांनी दाखवले तो १९८६ चा पेपर, आणि शिमोन साकागुची यांचा रेग्युलेटरी (इतर प्रतिकारपेशींना आवर घालणाऱ्या) टी सेल्सवरचा १९९५ चा पेपर, ज्या कामाला २०२५ चं नोबेल मिळालं, हे दोन्ही जर्नल ऑफ इम्युनॉलॉजीत आलेत. त्या जर्नलचा आजचा इम्पॅक्ट फॅक्टर पाचच्या खाली आहे. आपल्या फॉर्मच्या हिशोबाने साकागुचींचा तो पेपर पाचही मार्क आणणार नाही.

तर मी मॅडमना म्हटलं, सायटेशन मोजू नका, वाचू. ज्यांनी तुमचे पेपर साइट केलेत ते पेपर उघडून बघू की कुठल्या वाक्यात केलेत. हे काम कंटाळवाणं आहे आणि पूर्ण होत नाही, पण पहिल्या काही पेपरांतच चित्र दिसायला लागलं. त्यांचा सगळ्यात जास्त साइट झालेला पेपर एक रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, होता, आणि तो बहुतेकांनी प्रस्तावनेत आठ-दहा संदर्भांच्या गठ्ठ्यात टाकला होता, "टीबीत टी सेल्स महत्त्वाच्या असतात" अशा वाक्याला. म्हणजे आकडा मोठा, पण त्यावरून कुणाचं काम बदललं असं नाही.

आणि एक पेपर सापडला जो मॅडमच्या पाचात काय, पहिल्या पंधरातही नव्हता. मेथड्सच्या, म्हणजे प्रयोगपद्धतींच्या, एका साध्या जर्नलमधला. परत आल्यावर त्यांना तालुक्याच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने आणावे लागायचे, लॅबपर्यंत पोचायला कधी चार तास, कधी रात्र जायची. रक्तातून पीबीएमसी, म्हणजे लिंफोसाइट आणि मोनोसाइट पेशी, वेगळ्या करायला उशीर झाला की ग्रॅन्युलोसाइट्स या दुसऱ्या पांढऱ्या पेशी त्यांच्या थरात मिसळतात, टी सेल्सचा प्रतिसाद मंदावतो, आणि मग इंटरफेरॉन गॅमा (टी सेल्स सोडतात ते प्रथिन) कमी आला तो पेशंटमुळे की प्रवासामुळे हे कळत नाही. बरेच जण नमुना बर्फात घालून पाठवायचे, वाटतं की थंड ठेवलं की चांगलं, पण या कामासाठी रक्त रूम टेंपरेचरलाच ठेवायचं असतं. मॅडमनी आपल्याकडच्या परिस्थितीत, उन्हाळ्यात, किती तासांनी किती फरक पडतो ते मोजून छापलं होतं. त्यांच्या दृष्टीने ते लॅबच्या सोयीचं काम होतं.

तो पेपर साइट करणाऱ्यांची संख्या रिव्ह्यूच्या मानाने किरकोळ. पण ती सायटेशन प्रस्तावनेत नव्हती, मेथड्समध्ये होती. दुसऱ्या राज्यांतल्या गटांनी, आफ्रिकेतल्या एका गटाने लिहिलं होतं की नमुने इतक्या तासांच्या आत प्रोसेस केले, उशिरा आलेले वगळले, आणि पुढे मॅडमचा पेपर. म्हणजे तिथे कुणीतरी खरोखर नमुने फेकून दिले होते, त्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवून. मॅडम ते स्क्रीनवर वाचत होत्या, म्हणाल्या, "हे लोक कोण आहेत, मी ओळखत पण नाही." मी म्हटलं, मॅडम, हाच तर प्रभाव.

मॅडमनी तो पेपर पाचात पहिला लावला. विभागप्रमुखांना पटलं नाही, त्यांचं म्हणणं समितीत बाहेरचे लोक असतात, त्यांना जर्नलचं नाव दिसलं पाहिजे. शेवटी तडजोड म्हणून दुसऱ्या नंबरवर गेला, आणि प्रत्येक पेपरखाली चार ओळी: प्रश्न काय होता, मी काय केलं, कुणी कसं वापरलं.

निकाल

पुढच्या फेरीत प्रमोशन झालं. पण मागच्या तारखेपासून मिळालं नाही, म्हणजे मधला काळ सीनियॉरिटीतून गेला. त्यासाठी त्यांनी अर्ज केला, तो नियमात बसत नाही म्हणून परत आला. तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण न्याय्य वाटत नाही, आणि ज्यांनी १३, ९, ५ ची बेरीज केली त्या टेबलाला यातलं काहीच लागलं नाही.

एथिक्स समितीने अहवालात लिहिलं की उमेदवाराची चूक नाही आणि आकडे कार्यालयाने यापुढे उमेदवाराची सही घेतल्याशिवाय भरू नयेत. मुलाखतीत त्या मेथड्सच्या पेपरवर प्रश्न विचारले गेले, बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञांनी स्वतःच्या लॅबमधल्या नमुन्यांचा किस्सा सांगितला, त्यावरच बराच वेळ गेला असं मॅडमनी सांगितलं. एच-इंडेक्सचा विषय कुणीच काढला नाही.

फॉर्म थोडा बदलला. पाच पेपरांखाली चार ओळी लिहायची जागा आता सगळ्यांना आहे. क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट फॅक्टरचा रकाना मात्र तसाच आहे, तो काढायचा प्रस्ताव दोनदा बैठकीत आला आणि दोन्ही वेळा "इतर संस्थांत काय पद्धत आहे ते बघून" यावर अडकला. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यापासून जगभर हेच सांगितलं जातंय की जर्नलच्या आकड्यावरून माणूस मोजू नका, तो कागद मी बैठकीला जोडून पाठवला होता. वाचला की नाही माहीत नाही.

आता असं प्रकरण आलं तर

पहिलं म्हणजे पत्र आणि जुळणी यांचा क्रम बदलेन. समितीला लगेच दोन ओळी कळवायच्या की आकड्यांत चूक सापडली आहे, दुरुस्ती चालू आहे, अमुक दिवसांत पूर्ण यादी देतो. आणि सविस्तर आकडे सगळे डेटाबेस एकसारखे झाल्यावरच, तारखेसकट, कुठल्या दिवशी कुठे काय दिसत होतं ते. पत्रात १९ आणि स्क्रीनवर १३ हे होऊच द्यायचं नाही.

दुसरं, कार्यालयाने आकडा मागायच्या आधी यादी मागायला हवी. यादीवरून आकडा कधीही काढता येतो, आकड्यावरून यादी येत नाही. हे फॉर्मच्या रचनेतच बसवायला हवं, माणसांच्या हुशारीवर सोडून चालत नाही.

पीएचडीला येणाऱ्या मुलींना आता मी पहिल्याच आठवड्यात सांगतो की ऑर्किड आज काढा, पेपरवर कुठलं नाव लावायचं ते एकदा ठरवा, आणि लग्नानंतर बदलायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण पेपरवरचं नाव आणि आधार कार्डावरचं नाव एकच असलं पाहिजे असा कुठेही नियम नाही. बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं. मुलांनाही सांगतो, त्यांचं नाव बदलत नाही पण आडनाव तेच चार-पाच असतं. प्रोफाइल स्वतःच्या मेलवरून उघडायचं, विद्यार्थ्याच्या नाही, कारण तो विद्यार्थी निघून गेला की पासवर्डही जातो. मॅडमच्या बाबतीत तो मुलगा तेव्हा जर्मनीत होता, रात्री फोन करून पासवर्ड घ्यावा लागला.

गूगलवरचे ते तुरीचे पेपर काढल्यावर त्या शास्त्रज्ञांना मॅडमनी मेल केला होता, की तुमचे काही पेपर चुकून माझ्याकडे दिसत होते, तुमच्या प्रोफाइलवर आहेत ना बघून घ्या. त्यांचं उत्तर आलं की त्यांच्या प्रोफाइलवर मॅडमचे तीन पेपर आहेत, आणि त्यांच्या संस्थेने ते धरून मूल्यांकन करूनही टाकलंय, आता काय करायचं. मॅडमनी त्यांना माझा नंबर दिला.